शाफ्रानेकची अस्सल लढाऊ गाडी

दर वर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारचं जेवण आटोपलं की व्हेंडेलिन शाफ्रानेक मरायचा.

मरण्यात त्याचा हात धरणारा आमच्या क्लेनोव्हमध्ये दुसरा कोणी नव्हता. कोणी मरताना उगाच हातपाय झाडतं, कोणी सावली बघून मरतं. आमचा पोस्टमास्तर तर वर्मी घाव बसल्यावरसुद्धा लंगडत लंगडत बिअरच्या तंबूपर्यंत जायचा आणि तिथे प्राण सोडायचा. शाफ्रानेकच्या मरण्यात असली लबाडी नव्हती. तुतारी वाजली की पोपच्या फौजेच्या पहिल्या फळीतून तो धावत सुटायचा, पहिला दगड (म्हणजे करडा रंग दिलेला स्पंज) छातीवर घ्यायचा आणि तोंडावर पडायचा. लढाई संपेपर्यंत मेलेल्याने हलायचं नाही, हा मंडळाचा नियम. वरून ऊन आणि खालून मुंग्या. त्यात त्याचा जाड भिंगांचा चष्मा लढाईआधीच काढून घेतलेला असायचा, कारण असा चष्मा पंधराव्या शतकात नव्हता. त्यामुळे इतकी वर्षं लढाईत असूनही शाफ्रानेकने लढाई अशी कधी बघितलीच नव्हती. त्याने बघितलं होतं ते गवत. गवताबद्दल मात्र तो फार अधिकाराने बोलायचा.

त्याची बायको द्राहोमिरा प्रेक्षकांत छत्री घेऊन बसायची. एका वर्षी घरी आल्यावर मुंग्या झटकून देता देता ती म्हणाली, "व्हेंदा, तू कुठे पडला होतास?"

"ओढ्याच्या अलीकडे. दरवर्षी तिथेच पडतो."

"म्हणजे बघ! मी दोन वर्षं भलत्याच मढ्यासाठी हळहळतेय."

हे शाफ्रानेकच्या काळजाला लागलं. माणूस मेला तर मेला, पण निदान स्वतःच्या बायकोला तरी तो ओळखू यावा की नाही?

आता ही लढाई कुठली, ते सांगतो. सहाशे वर्षांपूर्वी आमच्या गावाबाहेरच्या टेकडीवर पोपच्या धर्मसत्तेविरुद्ध उठलेल्या हुसपंथी शेतकऱ्यांनी लाकडी गाड्यांचा तट उभारला आणि त्यांच्यावर चालून आलेल्या पोपच्या चिलखती फौजेला पिटाळून लावलं. आमचं इतिहासप्रेमी मंडळ ती लढाई दरवर्षी जशीच्या तशी लढून दाखवतं. यातला 'जशीच्या तशी' हा शब्द सांभाळायला मंडळाची एक अस्सलता समिती आहे. समितीत एकच सभासद, रादोव्हान कुबेशमास्तर. शाळेत इतिहास शिकवायचे. गळ्यात दोरीने बांधलेलं भिंग घेऊन छावणीत फिरायचे आणि कोणाच्या सदऱ्याला मशीनची शिलाई दिसली की सदरा जागेवर उतरवायला लावायचे. छावणीत बटाटा बंद, टोमॅटो बंद, कारण दोन्ही अमेरिकेतून आलेले, आणि अमेरिका तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हती. "बटाटा नव्हता म्हणूनच ते लोक एवढे चिडलेले असायचे," असं द्राहोमिराचं मत होतं. बटाट्याचं सॅलड नसेल तर तीसुद्धा तलवार उपसेल, असं ती म्हणायची. हेच मास्तर स्वतः मात्र डोळ्यांत लेन्स घालायचे. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "बाहेरून दिसत नाही ना? मग ती नाही."

मास्तरांचंही एक दुखणं होतं. त्यांचं म्हणणं असं, की ही लढाई झालीच नाही. पोपची फौज गाड्यांचा नुसता आवाज ऐकून पळाली. यावर त्यांनी उशीसारखा जाडजूड प्रबंध लिहून राजधानीला, प्राहाला पाठवला होता. तिथल्या विद्वानांनी कळवलं, "चिलखतातले सरदार चाकांच्या कुरकुरीला घाबरले, हे वाचून आमची करमणूक झाली." मंडळानेही मास्तरांना समजावलं, की मत आपल्यापाशीच ठेवा, तिकीट काढून येणाऱ्याला हाणामारी लागते. तेव्हापासून मास्तर लोकांच्या शिलाया जास्तच बारकाईने तपासू लागले. माणसाचा एक मोठा अपमान झाला की तो असे बारके बारके सूड उगवत राहतो.

तर मंडळाच्या वार्षिक सभेत मास्तरांनी जाहीर केलं, "यंदा ज्या सभासदाची लढाऊ गाडी समितीच्या तपासणीत उतरेल, तो त्या गाडीचा सरदार होईल."

शाफ्रानेकने हात वर केला. "सरदार मरतो का हो?"

"सरदार मरत नाही. सरदार गाडीवर उभा राहतो आणि हुकूम सोडतो."

"आणि त्याला वरून सगळं दिसतं?"

"सगळं दिसतं."

घरी येऊन शाफ्रानेकने बूट काढले, सपाता घातल्या आणि म्हणाला, "द्राहा, मी गाडी बांधणार."

द्राहोमिराने त्याच्याकडे पाहिलं. लग्नाच्या दिवसापासून या माणसाने बांधलेली एकच वस्तू तिला आठवत होती. ती म्हणजे पक्ष्यांचं घरटं, आणि त्यात पक्षी कधी आले नाहीत. पण ओढ्याकाठचं ते मढं तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. ती म्हणाली, "बांध. पण घरात नाही."

अशा रीतीने गाडी अंगणात आली. आमच्या सहा मजली इमारतीला मागे चौकोनी अंगण आहे, मध्ये गालिचे झोडायची लोखंडी चौकट आणि बाहेर पडायला एकच कमान. शाफ्रानेकने चौकटीशेजारी पहिली फळी टेकवली आणि सहाच्या सहा मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. फुकट सल्ला द्यायची संधी सोडील तो आमच्या इमारतीतला नव्हेच.

"शाफ्रानेकराव, ही कमानीतून बाहेर निघायची नाही हो!" दुसऱ्या मजल्यावरून बुरेशने आवाज दिला. बुरेश म्हणजे निवृत्त ट्रक ड्रायव्हर. जगातल्या प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे बेअरिंग हे उत्तर होतं.

"मी भूमापन कचेरीत आहे, बुरेश. आयुष्यभर मोजमापंच केली मी."

"भूमापनवाल्यांनीच माझ्या मेव्हण्याची विहीर शेजाऱ्याच्या हद्दीत टाकली!"

पैजा लागल्या. अख्खी इमारत 'अडकणार' या बाजूला, 'निघणार' या बाजूला एकटी द्राहोमिरा, आणि तीसुद्धा नवऱ्याचं तोंड बघून.

लाकूड मिळालं. चाकांपाशी मात्र घोडं पेंड खाऊ लागलं. गाडीची लाकडी चाकं करणारा शेवटचा माणूस आमच्या भागात केव्हाच वारला होता आणि त्याचा मुलगा आता विमा विकत होता. शाफ्रानेक हताश होऊन 'सोनेरी मासा' नावाच्या बिअरखान्यात जाऊन बसला. दुसरा पेला संपवताना त्याने मान मागे टाकली आणि तो तसाच राहिला. डोक्यावर साखळदंडांनी टांगलेलं अस्सल जुनं चाक होतं, त्याला दिवे लावलेले. आमच्याकडे चाकाचा दिवा टांगलेला नसेल तर त्या जागेला बिअरखाना म्हणायचीच पद्धत नाही. चाकं जगातून नाहीशी झाली नव्हती, ती नुसती छताला गेली होती.

मग चार बिअरखान्यांचे चार दिवे उतरवले गेले. मालकांशी ठराव असा झाला, की लढाईनंतर सरदाराने आपली अख्खी पलटण घेऊन त्यांच्याकडे प्यायला यावं. चारही चाकं वेगवेगळ्या आकाराची निघाली, त्यामुळे गाडी उभी राहिली ती एक पाय आखडलेल्या म्हशीसारखी. 'सोनेरी मासा'मध्ये पुढचे कित्येक दिवस मिणमिणत्या उजेडात लोक एकमेकांची बिअर पिऊन गेले, पण तक्रार कोणी केली नाही, कारण सरासरी जमत होती.

गाडीचा सांगाडा उभा राहतो न राहतो तोच एका काळ्या कस्तुर पक्ष्याने गाडीतल्या दगडांच्या पेटीत घरटं केलं. पक्ष्याचं भरलेलं घरटं हलवायला कायद्याने बंदी! इमारतीत दोन तट पडले. तळमजल्यावरच्या पेश्कोव्हाबाईंनी तर ताकीद दिली, "शाफ्रानेकराव, हातोडा वाजला आणि पिल्लं दचकली, तर गाठ माझ्याशी आहे." तेव्हापासून आमचा हा भावी सरदार हातोड्याला मोजा घालून खिळे ठोकू लागला. वरून बुरेश ओरडायचा, "अहो, अशाने युद्ध व्हायचं नाही, अंगाई व्हायची!"

पिल्लं उडाली, तर नगरपालिकेचं पत्र आलं. अंगणात विनापरवाना बांधकाम. शाफ्रानेक कचेरीत गेला. खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय बांधलंय?"

"लढाऊ गाडी."

"मग बांधकामाच्या खिडकीत कशाला आलात? वाहनांच्या खिडकीत जा."

वाहनांच्या खिडकीतला गृहस्थ म्हणाला, "इंजिन किती ताकदीचं?"

"इंजिन नाही."

"दिवे?"

"चाकांचेच दिवे होते, पण मी ते काढले."

गृहस्थाने पेन खाली ठेवलं. "आणि यात बसून करणार काय?"

"शत्रूवर दगड टाकणार."

"असं होय! मग शस्त्रांच्या खिडकीत जा की."

शस्त्रांच्या खिडकीत एक पोक्त बाई पाव खात बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाव चावून गिळला आणि विचारलं, "ओढणार कोण? घोडे?"

"घोडे लावायचा विचार आहे."

"लावू नका. घोडे लावलेत तर ते वाहन होईल, मग त्याला मागचे लाल दिवे आले, पाटी आली, घोड्यांचे दाखले आले. माणसांनी ओढलीत तर ती हातगाडी. हातगाडीला आमच्याकडे खिडकीच नाही."

या उत्तरावर शाफ्रानेकला त्या बाईंचे हात हाती घ्यावेसे वाटले, पण मध्ये काच होती.

मग तो दिवस आला. कुबेशमास्तर भिंग घेऊन अंगणात उतरले. सहा मजल्यांच्या खिडक्यांत माणसं उशा टाकून, त्यांवर कोपरं टेकून बसली. मास्तरांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. मग गुडघ्यांवर बसले आणि मग सरळ गाडीखाली शिरले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. पायांवरून काही निष्कर्ष निघेना.

"स्क्रू," खालून आवाज आला.

"त्यावर लाकडी गुट्टी ठोकलीय, मास्तर. बाहेरून दिसत नाही. म्हणजे तुमच्याच न्यायाने..."

"मला दिसलं. म्हणजे ते आहे." मास्तर पुढे सरकले. "आणि हे काय? हा सायकलचा ब्रेक आहे!"

शाफ्रानेकने वर दुसऱ्या मजल्याकडे पाहिलं. बुरेश खिडकीतून हळूच मागे सरला.

"मास्तर, उतार आहे तिथे. ब्रेक नसला तर गाडी थांबणार कशी?"

"जशी तेव्हा थांबायची तशी. चाकाखाली लाकडी पाचर ठोका." मास्तरांनी चाकाच्या आसाला बोट लावलं, नाकाशी नेलं आणि विंचू डसल्यासारखा चेहरा केला. "हे कारखान्यातलं ग्रीस आहे, शाफ्रानेक! पंधराव्या शतकात ग्रीस? प्राण्याची चरबी हवी!"

"म्हणजे गाडी नापास?"

मास्तर बाहेर आले, गुडघे झटकले. त्यांना बहुधा थोडी दया आली असावी, कारण ते भिंग पुसत राहिले. "चाकं उत्तम आहेत. अशी चाकं प्राहाच्या मंडळाकडेही नाहीत. स्क्रू काढा, ब्रेक काढा, चरबी घाला. लढाईच्या सकाळी कमानीपाशी येऊन बघेन. जमलं तर सरदार. नाहीतर..." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "मृत, पहिली फळी, ओढ्याच्या अलीकडे. तुमची जागा मी ठेवलीय."

ही ठेवलेली जागा शाफ्रानेकला फार झोंबली. त्याने स्क्रू काढून ओकच्या खुंट्या ठोकल्या, ब्रेक उपटला, आसावरचं ग्रीस खरवडून काढलं. राहिली फक्त चरबी. आता चरबी म्हटल्यावर आमच्या इमारतीत एकच दार. पेश्कोव्हाबाईंसारखी डुकराची चरबी कढवणारी बाई साऱ्या जिल्ह्यात नाही. पावावर त्यांची चरबी फासून खाल्ली की माणूस अर्ध्या वैऱ्यांना क्षमा करतो.

"बाई, जरा जास्त लागेल. चार चाकं आहेत," शाफ्रानेक म्हणाला.

"तुम्ही काही बोलू नका. एवढा मोठा दिवस तुमचा. मी हाताने लावून देते."

आणि लढाईच्या सकाळी त्यांनी मोठं पातेलं आणून गाडीच्या आसांना आणि चाकांखालच्या पाचरींना दोन्ही हातांनी चरबी फासली. मास्तर कमानीपाशी आले, बोट लावलं, हुंगलं. क्षणभर त्यांचे डोळे मिटले. मग, समितीच्या इतिहासात पहिल्यांदाच, त्यांनी ते बोट चाटलं.

"अस्सल," ते म्हणाले. "पण यात कुरकुरीत तुकडे आहेत."

"म्हणजे काय? बिनतुकड्यांची चरबी मी कोणाला देत नाही," पेश्कोव्हाबाई म्हणाल्या. "मीठ घातलंय. तळलेला कांदाही आहे थोडा. सणासुदीला फिक्कं कशाला?"

नेमकी इथेच चूक झाली. वंगण बेचव असावं, हे शहाणपण आमच्या लोकांच्या रक्तातच नाही.

हातगाडी असल्यामुळे ओढायला माणसं हवी होती. अख्खी इमारत दोरांना लागली, कारण गाडी कमानीत अडकताना प्रत्येकाला जवळून बघायचं होतं. "हय्या!" गाडी हलली, डुलली, कमानीशी आली. सगळ्यांनी श्वास धरला. दोन्ही बाजूंना तळहाताएवढी जागा सोडून गाडी सुळकन बाहेर पडली. एवढी निराशा आमच्या इमारतीत पाणी गेलं तेव्हाही झाली नव्हती. बुरेश तर दोर टाकून परत निघाला होता. द्राहोमिराने त्याची कॉलर धरली, "कुठे? पैज हरलास ना? ओढ!"

पहिल्या वळणावर पेश्कोव्हाबाईंची कुत्री बोबिना मागे लागली. बोबिना म्हणजे चार इंच पायांवर ठेवलेली एक उशी. बाजारपेठेत दोन शिकारी कुत्रे आले. दवाखान्यापाशी एक पूडल मालकिणीसकट आला. आमच्या गावात सिग्नल एकच आहे, पण तो मनापासून लाल असतो. गाडी तिथे थांबली तेव्हा मागे वीसेक कुत्री होती, आणि शाफ्रानेकला वाटत होतं की लोक आपल्याला मानवंदना द्यायला जमलेत. बिनचष्म्याने त्याला वीस कुत्री आणि वीस नागरिक सारखेच दिसत. चष्मा मास्तरांनी कमानीतच काढून घेतला होता. सरदार झाला म्हणून काय झालं, शतक तेच. तो गाडीवर उभा राहून हात हलवत होता आणि खाली वीस जिभा इमानेइतबारे काम करत होत्या. टेकडीवर पोचेपर्यंत दोन्ही आस असे चकचकीत झाले होते, की चर्चमधल्या चांदीने लाजावं. चरबीचा थेंब नव्हता. कांदा तर सिग्नललाच संपला होता.

टेकडीवर प्राहाच्या मंडळाच्या दोन गाड्या आधीच उभ्या होत्या, गुळगुळीत आणि चारही चाकं एका मापाची. त्यांच्याशेजारी आमची आखडलेली म्हैस उभी राहिली. चाकांखाली पाचरी ठोकल्या. गाडीत बुरेश काटेरी सोटा घेऊन, द्राहोमिरा दगडांच्या पेटीपाशी आणि मधोमध, उंच, सरदार व्हेंडेलिन शाफ्रानेक. खाली मैदानात पोपची फौज. तिचा सेनापती आमच्या गावचा दंतवैद्य, डॉक्टर ल्होताक. वीस वर्षं तोच सेनापती, कारण स्वतःचं चिलखत आणि स्वतःचा घोडा असलेला गावात तेवढाच. त्याच्या फौजेत बहुतेक त्याचेच रोगी. नाही कसं म्हणणार? ज्याच्या हातात आपली दाढ, त्याला नाही म्हणता येत नाही.

ठरलं होतं असं. फौज तीनदा चढाई करील, तीनदा मागे हटेल, मधल्या वेळात लोक बिअर आणि सॉसेज घेतील, आणि शेवटी पोपची फौज पळेल. मास्तर माईक घेऊन मचाणावर होते.

"द्राहा," शाफ्रानेक कुजबुजला, "काय दिसतंय?"

"ल्होताक हेल्मेट घालतोय. मागची माणसं जांभया देतायत."

"म्हणजे तोंडं उघडी आहेत?"

"त्यांना सवयच आहे."

शाफ्रानेकला दिसत होता तो एक हिरवा पट्टा आणि त्यावर चंदेरी धूर. वर येऊनही शेवटी गवतच, हा विचार त्याच्या मनात आला. एवढी चाकं उतरवली, एवढ्या खिडक्या झिजवल्या, मोजा घालून खिळे ठोकले, ते हे बघायला? पण हुकूम सोडायचा तर आवाज खणखणीत हवा. त्याने छाती फुगवली.

इकडे गाडीखाली बोबिनाने सगळं चाटून संपवलं होतं. आसावर काही नाही. मग तिला पाचरीचा वास आला. पेश्कोव्हाबाईंनी त्यांनाही फासलं होतं ना! प्राहाच्या गाड्यांच्या पाचरी सुक्या, आमच्या गाडीच्या मात्र खमंग. तिने ओढून ओढून एक पाचर उपटली आणि ती तोंडात धरून झुडपात पसार झाली. उरलेल्या पाचरींना तिच्यामागून आलेले दोन शिकारी कुत्रे पुरले.

तुतारी वाजली. शाफ्रानेक ओरडला, "खंबीर उभे राहा!"

आणि गाडी निघाली.

आता त्या आवाजाचं वर्णन कसं करू? दोन कोरडे आस, चार वेगवेगळ्या मापांची चाकं, ओकवर ओक, वर तीन माणसांचं वजन आणि खाली उतार. सुरुवातीला बारीक शीळ आली, मग ती टोकदार झाली, मग कानातून शिरून सरळ जबड्यात उतरली आणि तिथे भिरभिरू लागली. प्रेक्षकांत लोकांनी गालांवर हात दाबले. तो आवाज आमच्या गावात प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक होता. ल्होताकच्या दवाखान्यातलं ते दात कोरायचं यंत्र, तोच सूर, फक्त गाडीएवढा मोठा.

पोपच्या फौजेच्या जांभया मिटल्या. पहिल्या फळीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कोणीतरी किंचाळलं, "नको! भूल द्या आधी!" आणि ढाल टाकून पळालं. एक पळाला की बाकीच्यांना कारण लागत नाही. पोस्टमास्तर तर बिअरच्या तंबूवरून तसाच पुढे गेला, आयुष्यात पहिल्यांदाच. उरला डॉक्टर ल्होताक. वीस वर्षं हा आवाज त्याने दुसऱ्यांच्या तोंडात काढला होता, पण आज तो स्वतःच्या दिशेने येत होता. त्याने लगाम खेचला, घोड्याने त्याच्यापेक्षाही आधी निर्णय घेतलेला होता, आणि पोपचा सेनापती ओढा ओलांडून शेजारच्या गावाच्या हद्दीत गेला.

गाडीवर द्राहोमिरा पेटीला मिठी मारून होती.

"द्राहा! आपण हललो का गं?"

"हललो म्हणजे? सुसाट चाललोय!"

"आणि ते?"

"पळतायत!"

"आपल्याकडे?"

"अरे, लांब! लांब पळतायत!"

शाफ्रानेकचा विश्वास बसेना. पण सरदाराने अशा वेळी काय करायचं, एवढं त्याला कळत होतं. तो गर्जला, "पुढे चला!" या हुकुमाची गाडीला काही गरज नव्हती, पण तो इतक्या नेमक्या वेळी सुटला, की टेकडीवरच्या साऱ्या प्रेक्षकांनी शपथेवर सांगितलं, गाडी त्याच्या हुकुमानेच धावली. मागून बुरेश ओरडत होता, "ब्रेक! मी म्हटलं होतं ब्रेक!" पण इतिहास अशांचं ऐकत नसतो.

ओढ्याच्या अलीकडच्या मऊ जमिनीत चाकं रुतली आणि गाडी थांबली. शाफ्रानेक दरवर्षी जिथे मरायचा, नेमकी तीच जागा. आवाज बंद झाला. मैदानावर चिटपाखरू नव्हतं. ढाली, भाले, एक सपात आणि सेनापतीच्या तंबूत टाकून दिलेलं जेवण, एवढाच ऐवज उरला होता. मचाणावरच्या माईकमधून नुसता श्वास ऐकू येत होता. मग एक हुंदका आला. मग मास्तरांचा आवाज, चिरकलेला, अख्ख्या टेकडीवर घुमला. "पळाले! आवाज ऐकून पळाले! बघितलंत ना सगळ्यांनी? बघितलंत?" प्राहाच्या मंडळातला एक दाढीवाला विद्वान सॉसेज हातात धरून उभा होता. मास्तरांनी माईकवरून त्याला नावानिशी विचारलं, "करमणूक झाली का?"

तिकीट काढून आलेली माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. हाणामारी झाली नाही म्हणून एकानेही पैसे परत मागितले नाहीत.

मास्तर मचाणावरून उतरले ते उतारावरून धावतच आले, दोनदा पडले, एकदा कुत्र्याला अडखळले. त्यांचे डोळे असे वाहत होते, की एक लेन्स गालावर आली होती आणि सगळ्यांना दिसत होती. गाडीपाशी येऊन ते धापा टाकत उभे राहिले. द्राहोमिराने गाडीत लपवून आणलेली टोपली धक्क्याने खाली उलटली होती आणि पावांखालून बटाट्याचं सॅलड राजरोस डोकावत होतं. मास्तरांनी ते बघितलं. त्यातला एक बटाटा उचलून तोंडात टाकला.

मग त्यांनी अंगरख्यात हात घातला, शाफ्रानेकचा चष्मा काढला, स्वतःच्या अस्सल हातमागाच्या बाहीने पुसला आणि वर केला.

"घाला, सरदार."

"मास्तर, शतक?"

"शतक गेलं खड्ड्यात. आज तुम्ही बघायलाच हवं."

शाफ्रानेकने चष्मा नाकावर ठेवला. हिरवा पट्टा फुटून त्याचं गवत झालं, गवताच्या पलीकडे ओढा आला, ओढ्यापलीकडे वाट आणि वाटेवर, लांब टेकडीच्या वळणापर्यंत, ऊन पडलेली चकाकती चिलखतं. द्राहोमिराने त्याच्या दंडाला धरून विचारलं, "दिसली का रे एकदाची लढाई?"

"दिसली ना," शाफ्रानेक म्हणाला. "नुसत्या पाठी, द्राहा. जिकडे बघावं तिकडे पाठीच पाठी!"